‘ते’ करून घेण्याचे दर

बालमित्रांनो, मांडी घालून बसा. ज्यांचे गुडघे दुखतात त्या बालमित्रांनी खुर्ची घेतली तरी चालेल. आजची गोष्ट चाळिशीच्या पुढच्या मुलामुलींसाठी आहे. त्याहून लहान कुणी चुकून आलं असेल तर त्याने आत जाऊन पाढे म्हणावेत.

एका जंगलात सगळ्यांना नावं होती. दगडाला होतं, डबक्याला होतं, उंबराच्या फळातल्या किड्यालासुद्धा होतं. फक्त एका गोष्टीला नव्हतं. हत्तीपासून उंदरापर्यंत सगळे ज्या वाटेने या जगात आले, त्या वाटेला.

तिला सगळे ‘ते’ म्हणत. आणि तेसुद्धा हळू. आधी इकडेतिकडे बघायचं, मैत्रिणीचा कान जवळ ओढायचा आणि म्हणायचं, ‘‘माझं ते दुखतंय गं.’’

‘‘अगं बाई! ते?’’

‘‘हो, तेच.’’

एवढ्यावर दोघींचं समाधान व्हायचं. नेमकं काय दुखतंय हे कुणालाच कळलेलं नसायचं. पण कळलं असं दोघींनाही वाटायचं, आणि जंगल सुखाने चाललं होतं.

याच जंगलात सगुणा नावाची रानडुकरीण राहायची. दिसायला चारचौघींसारखी. पण तिचं हसणं! ते पोटातून निघायचं, खांद्यांवरून घरंगळायचं आणि पार पाणवठ्यापर्यंत जायचं. बगळे उडायचे. शेजारची पिल्लं कारण माहीत नसताना हसायची. आणि सगुणा खोटं कधी हसायची नाही.

म्हणून त्या जंगलात एक रीत पडली होती. पळस फुलला की दुपारी पाणवठ्यावर नकलांची बैठक भरायची. ज्याच्या नकलेला सगुणा हसेल तो जिंकला. मोहाच्या फुलांची माळ त्याच्या गळ्यात. बाकीचं जंगल हसलं की नाही, हे कुणी विचारायचंही नाही.

गेल्या वर्षी वानराने चिखलात बसणाऱ्या हत्तीची नक्कल केली. सगळं जंगल लोळायचं बाकी राहिलं. खुद्द हत्ती हसला. सगुणा मात्र दात आवळून, पायाला पाय लावून बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडातून आवाज नाही. मध्येच ती उठली आणि घरी गेली. माळ तशीच सुकली. वानर तीन दिवस जेवला नाही.

काय झालं होतं, ते तुम्हाला सांगतो. सगुणाची चार बाळंतपणं झाली होती. पोरं सव्वीस. चौथ्या खेपेनंतर ती हसली की गळायचं. लघवी हो, दुसरं काय! शिंकली की गळायचं. ओढा उडी मारून ओलांडला तरी गळायचं. मग ती ओढ्याला वळसा घालून जाऊ लागली. शिंक आली तर नाक दाबू लागली. आणि हसणं तर तिने बंदच केलं.

महाराज सिंहांनी जाहीर केलं, ‘‘यंदाही सगुणा हसली नाही, तर पंच म्हणून तरसिणीला बसवण्यात येईल.’’

मुलांनो, तरसीण कशालाही हसते. नक्कल सुरू व्हायच्या आधी हसते. मयतीला हसते. असला पंच मिळाला की चांगले चांगले नकलाकार बिघडतात. पण सगुणाला त्याचं दुःख नव्हतं. ‘‘जागा गेली तर जाऊ दे,’’ ती हेमलता सांबरिणीला म्हणाली आणि रडायलाच लागली. ‘‘पण माझं हसणं गेलं गं! घरात बसल्याबसल्या सुद्धा हसायची चोरी झालीय.’’

हेमलताने मान उंच करून इकडेतिकडे पाहिलं. मग सगुणाचा कान जवळ ओढला.

‘‘तू ते करून घे.’’

‘‘ते?’’

‘‘तेच. मी केलंय. तळ्याकाठी नवीन केंद्र निघालंय ना, नवकळी? तिथे. चाळीस मडकी पडली.’’

चाळीस मडकी म्हणजे मधाची. त्या जंगलात सगळे व्यवहार मधात होत.

शेजारीच मंजुळा अस्वलीण वारूळ उकरत होती. तिने तोंड बाहेर काढलं. ‘‘चाळीस? अगं, मी पण केलंय ते. वडाखालच्या सरकारी दवाखान्यात. चार मडक्यांत झालं.’’

‘‘चारमध्ये ते होतच नाही,’’ हेमलता म्हणाली.

‘‘माझं झालं की.’’

‘‘मग नीट झालं नसेल.’’

‘‘तुझं काय दहादा केलं का?’’

झालं! पंधरा वर्षांची मैत्री, पण हेमलता डोंगराकडे गेली आणि मंजुळा वारुळात. सगुणा मध्ये उभी राहिली.

बातमी जंगलभर पसरली. एकच ‘ते’, पण एकीकडे चार आणि एकीकडे चाळीस! हा काय प्रकार? जो तो आपली अक्कल पाजळू लागला. कुणी म्हणालं, चारवाल्यात भेसळ असणार. कुणी म्हणालं, चाळीसवाला लुटतोय. मोर म्हणाला, दिसण्याला मडकी पडतात, मला विचारा.

शेवटी महाराजांनी दर-चौकशी समिती नेमली. अध्यक्ष स्वतः सिंह. सदस्य गवा, लांडगा आणि रानबोका. चौघेही नर, पण विषय गंभीर असल्यामुळे त्याला इलाज नव्हता.

पहिल्या बैठकीत सिंहाने विचारलं, ‘‘विषय काय?’’

लांडगा लाजला. ‘‘ते.’’

‘‘ते म्हणजे?’’

गवा आभाळाकडे बघू लागला. रानबोक्याने मिशा चाटल्या. बैठक तहकूब झाली. अशा अकरा बैठका झाल्या, आणि प्रत्येक बैठकीला चहापाणी झालं.

इकडे सगुणाने धीर करून नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं नाव दगडू. चांगला दांडगा रानडुक्कर होता, बोलायला कमी.

‘‘अहो, मला ते करून घ्यायचंय.’’

दगडूचे कान लाल झाले. काय करून घ्यायचंय, कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. कसं विचारतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. बराच वेळ त्याने सुळ्याने माती उकरली. मग म्हणाला, ‘‘चारवालं की चाळीसवालं?’’

‘‘तुम्हाला काय वाटतं?’’

‘‘चाळीसवालंच कर. तुझ्यासाठी स्वस्तातलं नको.’’

आणि महिनाभर दगडू मध गोळा करत हिंडला. रानडुकराला झाडावर चढता येत नाही. तो खोडाला धडका द्यायचा, पोळं खाली पडायचं, आणि मग मधमाश्या त्याचा समाचार घ्यायच्या. त्याचं नाक सुजून बेलफळाएवढं झालं. मग पपईएवढं झालं. मुलांनो, हसू नका. मला हा दगडू फार आवडतो. बायकोला काय होतंय हे त्याला माहीत नव्हतं, पण तिचं हसणं त्याला पुन्हा ऐकायचं होतं.

चाळीस मडकी घेऊन सगुणा तळ्याकाठी गेली. काय ते केंद्र! खाली मऊ शेवाळाचा गालिचा. समोर कमळं. मोरपिसांचे पंखे. काउंटरवर एक खारबाई बसलेली, आणि मागे केळीच्या पानावर दर लिहिलेले. कळी दहा. फूल चाळीस. बाग शंभर.

‘‘कळीमध्ये काय असतं?’’ सगुणाने विचारलं.

खारबाई पुढे वाकून कुजबुजली, ‘‘ते.’’

‘‘आणि फुलात?’’

‘‘ते. पण जास्त.’’

‘‘आणि बागेत?’’

‘‘ते सगळं, मॅडम. शिवाय दोन वेळची न्याहारी.’’

‘‘कळीत भूल धरलीय का?’’

‘‘नाही मॅडम. पण तुम्हाला आपोआप झोप लागली तर भूल लागणारच नाही. काही जणींना लागते झोप.’’

सगुणाने घाईघाईने फुलाकडे बोट दाखवलं.

डॉक्टर म्हणजे करकोचा. एका पायावर उभा, पांढराशुभ्र, चोच अशी की कुठेही पोचावी. हाताला, म्हणजे चोचीला, चांगला गुण होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने हसून विचारलं, ‘‘बोला, किती वर्षांनी लहान व्हायचंय?’’

‘‘लहान नाही हो व्हायचं. मला हसायचंय.’’

‘‘आमच्याकडून सगळ्या हसतच जातात!’’

‘‘तसं नाही. मला... माझं... ते...’’

‘‘कळलं, कळलं,’’ करकोचा म्हणाला, आणि त्याने पंखा जोरात करायला सांगितलं.

मोरपीस सगुणाच्या नाकापाशी आलं. तिने नाक दाबायला पाय उचलला, पण उशीर झाला होता. शिंक आली. रानडुकरिणीची शिंक म्हणजे साधीसुधी नव्हे. आणि त्या शिंकेसरशी मऊ शेवाळाच्या गालिच्यावर व्हायचं ते झालं.

खारबाई काउंटरवर चढून बसली. करकोच्याने दुसरा पायही जमिनीवर टेकवला. तो इतका गंभीर झाला की क्षणभर खरा डॉक्टर दिसू लागला.

‘‘बाई,’’ तो म्हणाला, ‘‘हे आमचं ‘ते’ नाही. हे वेगळं ‘ते’ आहे.’’

सगुणा शरमेने अर्धी झाली होती, पण हे ऐकून तिने मान वर केली. ‘‘म्हणजे ‘ते’ एकच नाही?’’

‘‘तीन-चार तरी असतील.’’

‘‘मग पानावर तसं लिहीत का नाही तुम्ही?’’

करकोचा खोकला. खारबाई वरून म्हणाली, ‘‘लिहायला कसंतरी वाटतं ना, मॅडम.’’

‘‘मी फूल केलं असतं, तर माझं गळणं थांबलं असतं?’’

‘‘नाही,’’ करकोचा म्हणाला. ‘‘तुम्ही वडाखाली सायाळबाईंकडे जा. फक्त जरा अंतर ठेवून बसा.’’

वडाखाली ना गालिचा होता ना कमळं. रांग होती. डॉक्टर सायाळबाई पाठीचे काटे उभारूनच बोलत.

‘‘काय होतंय?’’

इतक्या दिवसांत हा प्रश्न सगुणाला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी कितीवालं करणार एवढंच विचारलं होतं.

‘‘ते जरा...’’

‘‘‘ते’ नावाचा अवयव मला शिकवलेला नाही,’’ सायाळबाई खेकसल्या. ‘‘बाईच्या जातीला तिथे तीन वाटा असतात. एक लघवीची, एक मुलाची, एक शौचाची. तुझ्या कुठल्या वाटेला काय झालंय ते बोल. आणि मुलाच्या वाटेला योनी म्हणतात. असं दचकायला काय झालं? कोपर म्हणतो, घोटा म्हणतो, तसा शब्द आहे. म्हण बघू.’’

सगुणाने वडाच्या मुळाकडे बघत म्हटलं.

‘‘मोठ्याने. रांगेतल्या शेवटच्या सशिणीला ऐकू गेलं पाहिजे.’’

सगुणाने मोठ्याने म्हटलं. मग बाकीचं आपोआप तोंडून आलं. हसणं, शिंकणं, ओढा, वानर, पायाला पाय, सगळं. तिला इतकं हलकं वाटलं की ते औषधच वाटलं.

सायाळबाईंनी तपासलं. ‘‘चार बाळंतपणं, सव्वीस पोरं. खालून लघवीची पिशवी धरून ठेवणारे स्नायू दमलेत. झोळीची शिवण सैल व्हावी तसं. घाबरू नकोस.’’

‘‘करावं लागेल का? किती मडकी?’’

‘‘शस्त्रक्रिया लागलीच तर सात. पण आधी तीन महिने व्यायाम. लघवी अडवायला आपण जे आवळतो ना, तेच आवळायचं. दहा मोजायचे, सोडायचं. परत आवळायचं. दिवसातून तीन वेळा. लघवी करताना नाही हं, एरवी.’’

‘‘त्याचे किती?’’

‘‘त्याचे काही नाही.’’

सगुणाचा चेहरा उतरला. ‘‘फुकट आहे? मग गुण येईल ना, बाई?’’

सायाळबाईंचे काटे खडखडले. ‘‘तपासणीचं एक मडकं ठेव आणि जा. तेवढ्याने विश्वास बसेल.’’

जाता जाता सगुणाने विचारलं, ‘‘बाई, मंजुळाचं चारमध्ये आणि हेमलताचं चाळीसमध्ये कसं झालं?’’

‘‘दुसरीचं मी तुला सांगणार नाही. तिलाच विचार.’’

‘‘विचारलं तर त्या ‘ते’ म्हणतात.’’

‘‘मग त्यांना शब्द शिकव,’’ सायाळबाई म्हणाल्या आणि रांगेतल्या पुढचीकडे वळल्या.

एकोणचाळीस मडकी परत आलेली पाहून दगडूचं सुजलेलं नाक आणखी खाली आलं. ‘‘केलं नाहीस?’’ तो म्हणाला. सगुणाने त्याला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. शब्दासकट. दगडू दोनदा उठला, दोनदा बसला. शेवटी म्हणाला, ‘‘एवढंच होतं? मला वाटलं, माझंच काही चुकलं म्हणून तू हसत नाहीस.’’

त्या दिवसापासून सगुणाचा व्यायाम सुरू झाला. त्याची गंमत अशी की तो कुणाला दिसत नाही. पोरांना ओरडताना ती दहा मोजायची. पाणवठ्यावर उभ्या उभ्या मोजायची. समितीच्या बैठकीबाहेरून जाताना मोजायची, आणि आतले चौघे बघून मान डोलवायचे की बाई किती विचारात आहेत. पहिला महिना काहीच झालं नाही. दुसऱ्या महिन्यात तिने ओढ्याची अरुंद जागा उडी मारून ओलांडली. तिसऱ्या महिन्यात शिंक आली. तिने खाली पाहिलं. कोरडं होतं. तिने खात्री करायला गवताची काडी नाकात घालून आणखी एकदा शिंकून पाहिलं.

पण हसून पाहायचा धीर मात्र होईना.

पळस फुलला. सगळं जंगल पाणवठ्यावर जमलं. सगुणा पंचाच्या दगडावर बसली. तरसीण शेजारीच तयारीत होती आणि आतापासूनच हसत होती. वानराने सायाळबाईंची नक्कल केली. बाईंनीच टाळ्या वाजवल्या. सगुणाच्या पोटात हसू आलं, पण तिला गालिचा आठवला आणि तिने ते गिळलं. माकड झालं, पोपट झाला, मुंगूस झालं. माळ तशीच होती. दगडू गर्दीत मागे उभा राहून तिच्याकडे बघत होता.

‘‘विश्रांतीत,’’ महाराज सिंह म्हणाले, ‘‘समितीचा अहवाल वाचून दाखवतो.’’ आणि त्यांनी आयाळ सारखी केली.

‘‘‘ते’च्या दरांतील तफावतीबाबत अहवाल. समितीने ‘ते’चा सर्व बाजूंनी विचार केला. ‘ते’ म्हणजे काय, हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही. ‘ते’ कुठे असते, याबाबत सदस्यांत एकमत झाले नाही. एका सदस्याच्या मते ‘ते’ डाव्या बाजूला असते.’’

गव्याने मान ताठ केली. सगुणाच्या पोटात काहीतरी हललं.

‘‘तथापि, ‘ते’ कुणाच्याही दृष्टीस पडू नये, अशी समितीची शिफारस आहे. स्वस्त ‘ते’ लहान आणि महाग ‘ते’ मोठे असावे, असा अंदाज आहे. पुढील अभ्यासासाठी अध्यक्षांनी थंड हवेच्या ठिकाणी...’’

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. पोटातून निघालं, खांद्यांवरून घरंगळलं आणि पाणवठ्यावर पसरलं. बगळे उडाले. सगुणा हसत होती! मध्येच ती थांबली. तिने हळूच दगडाकडे पाहिलं. दगड कोरडा होता. आणि मग ती जी हसत सुटली, ती गेल्या दोन वर्षांचं सगळं हसूनच थांबली. मागे दगडू ढसाढसा रडत होता आणि मधमाशी चावली असं शेजाऱ्यांना सांगत होता.

‘‘यात हसण्यासारखं काय आहे?’’ सिंह दुखावून म्हणाला.

सगुणाने डोळे पुसले. ‘‘महाराज, त्याला योनी म्हणतात.’’

आभाळ कोसळलं नाही. झाडं उन्मळली नाहीत. पळसाचं एक फूल पडलं, पण ते पडायला आलंच होतं.

मग मंजुळा अस्वलीण उठली. ‘‘माझं सांगते. बाळंतपणात माझी योनी फाटली होती. टाके वेडेवाकडे बसले. बसायला दुखायचं. सायाळबाईंनी उसवून परत शिवलं. अर्ध्या तासाचं काम, चार मडकी.’’

हेमलताने मान उंच केली आणि या खेपेला इकडेतिकडे न बघता बोलली. ‘‘माझ्या योनीच्या तोंडाची बाहेरची पाकळी मोठी होती. धावताना घासून रक्त यायचं. वाघ मागे लागला तरी मी बेतानेच पळायचे. ती कापून बेताची केली. आता सुखाने पळते. काम चांगलं केलंय त्यांनी. त्याचे चाळीस.’’

मागून करकोच्याने प्रामाणिकपणे चोच वर केली. ‘‘काम आणि भूल मिळून चौदा.’’

‘‘मग वरची सव्वीस कसली?’’

सगळे खारबाईकडे बघू लागले. खारबाईने बोटांवर मोजलं. ‘‘कमळांचा देखावा दहा. शेवाळ सहा. मोरपिसांचे पंखे पाच. आणि पाच...’’

‘‘आणि पाच?’’

‘‘हळू आवाजात बोलण्याचे, मॅडम.’’

समितीला चार महिन्यांत न सुटलेलं कोडं पाव तासात सुटलं. चार आणि चाळीस हे एकाच वस्तूचे दोन दर नव्हतेच. दोघींची दुखणी वेगळी, कामं वेगळी, आणि एकीने वर कमळं घेतली होती. हेमलता आणि मंजुळा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वडाखालच्या रांगेतली ती शेवटची सशीण म्हणाली, ‘‘मला तर काहीच करायची गरज नाही, मी सगळ्या जातात म्हणून निघाले होते.’’ आणि ती घरी गेली.

मोहाची माळ नियमाप्रमाणे समितीला मिळाली. सिंहाने ती अजून जपून ठेवली आहे. नक्कल कुणाची केली, हे मात्र त्याला कळलेलं नाही. दगडूची एकोणचाळीस मडकी जंगलाने तिथल्या तिथे संपवली. तरसीण हसतच होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी करकोच्याने केळीचं नवं पान लावलं. कशाला काय म्हणतात, कुणाला लागतं, कुणाला लागत नाही, भूल धरून किती. कमळं ज्यांना हवी त्यांना वेगळी. खारबाई आता सगळं मोठ्याने वाचून दाखवते. तिचा घसा कुजबुजून बसला होता, तोही सुटला.

तात्पर्य : चांगल्या घरच्या प्राण्यांनी असले शब्द चारचौघांत कधीही उच्चारू नयेत. उच्चारले की दर पडतात.